पावसाआधीचं अमृत

मे महिना सरत आला, की कोकणातल्या परसात एकच घाई. पावसाच्या आत रातांबे, म्हणजे कोकमाची पिकली फळं, उतरवायची! एकदा सरी लागल्या, की फळं गळून कुजतात आणि बरणी ठेवायला ऊनही उरत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, अमृत कोकम करायचं तर आत्ताच. लालजर्द, घट्ट रातांबे धुऊन अगदी कोरडे पुसा. दोन भाग करून गर-बिया काढा. सालींच्या वाट्यांत साखर भरून त्या काचेच्या बरणीत रचा. एक किलो सालींना दोन किलो साखर. तोंडाला फडकं बांधून बरणी सात-आठ दिवस कडक उन्हात ठेवा. रोज कोरड्या डावाने हलवा. साखर विरघळली, की रस गाळून मीठ, जिरेपूड घाला. पिताना एक वाटी रसाला पाच वाट्या पाणी.

‘एवढी साखर कशाला?’ म्हणून मीही एकदा निम्मीच घातली. चौथ्या दिवशी वर फेस, फडकं सोडताच दारूसारखा वास! सासूबाई एवढंच म्हणाल्या, "साखर वाचवलीस, पण झाडभर रातांबे घालवलेस गं." साखर कमी पडली किंवा पाण्याचा अंश राहिला, की रस आंबतो. इथे साखर गोडीपुरती नाही, ती रसाची राखण करते.

घरात मधुमेह असेल तर मिठातलं आगळ करा. रक्तदाबवाल्यांनी मात्र तेही बेतानेच घ्यावं. आणि बिया फेकू नका हं! वाळवून त्यांचं कोकमतेल निघतं. थंडीत भेगाळलेल्या टाचांना तेच लावायचं.