झाडं तोडून वाचवलेलं कुरण

शिकागो शहराच्या उत्तर भागात, शिकागो नदीच्या नॉर्थ ब्रँच या फाट्याच्या काठाने सरकारी राखीव उद्यानांची एक माळच आहे. ऐन थंडीत, जमीन गोठून टणक झालेली असताना, इथे शाळेची मुलं येतात. अंगात जाड कोट, हातांत मोजे आणि लांब दांड्यांच्या कात्र्या. समोर माणसापेक्षा उंच झुडपांचं घनदाट जाळं. सोबतचा स्वयंसेवक एक फांदी वाकवतो, तिची साल नखाने खरवडतो आणि आतला केशरी रंग मुलांना दाखवतो. मग डहाळीच्या टोकाला असलेला बारीक काटा दाखवतो. या दोन्ही खुणा पटल्या तरच कात्री चालवायची. एक मूल फांदी ताणून धरतं, दुसरं कापतं आणि मग दोघं मिळून ती ओढत ओढत फांद्यांच्या ढिगाऱ्याकडे नेतात.

मुलांना झाडं लावायला न्यावं की तोडायला? उद्यानात फिरायला आलेला नवखा माणूस हे पाहून थबकतो. पण त्या झुडपांखाली काय दडपलं गेलं आहे हे समजलं, की मुलं नेमकं काय वाचवत आहेत ते लक्षात येतं.

शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे, त्याचं टोपणनावच ‘प्रेअरी स्टेट’, म्हणजे गवताळ कुरणांचं राज्य. गोरे वसाहतवाले येण्याआधी इथे सुमारे २ कोटी २० लाख एकर गवताळ प्रदेश होता. त्यातल्या सखल भागांत बर्फ वितळल्यावर आणि वसंतातल्या पावसानंतर पाणी साचून राही. तळं म्हणावं इतकं ते खोल नसे आणि लवकर ओसरतही नसे. अशा जमिनीत ओली कुरणं फोफावली. लव्हाळ्यांचे गुडघाभर उंचीचे गड्डे, त्यांच्या मधल्या पाण्यात बेडूक, एप्रिलमध्ये मार्श मॅरिगोल्डची पिवळीधमक फुलं, त्यानंतर निळी आयरिस आणि भर उन्हाळ्यात स्वॅम्प मिल्कवीडचे गुलाबी तुरे. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मिल्कवीडच्या जातीशिवाय दुसरं काही खात नाहीत.

१८३७ मध्ये याच राज्यात लोहार जॉन डिअरने पोलादी फाळाचा नांगर बनवला आणि प्रेअरीची चिकट काळी माती उलथणं सोपं झालं. ओल्या जमिनींवर खरा घाव घातला तो जमिनीत पुरलेल्या भाजक्या मातीच्या नळ्यांनी. शेतकऱ्यांनी मैलोन् मैल नळ्या टाकून साचलेलं पाणी ओढ्यांत सोडून दिलं. १७८० ते १९८० या दोनशे वर्षांत इलिनॉयने आपल्या सुमारे ८५ टक्के पाणथळ जागा गमावल्या. मूळ स्थितीतली चांगली प्रेअरी किती उरली आहे याची राज्यभर मोजदाद १९७० च्या दशकात झाली, तेव्हा ती जेमतेम अडीच हजार एकर भरली.

शिकागोचं भाग्य एवढंच, की काही माणसांनी वेळेवर जमिनी राखल्या. डॅनियल बर्नहॅम यांच्या १९०९ च्या प्रसिद्ध नगररचना आराखड्यात शहराभोवती हिरवा पट्टा सुचवलेला होता. शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीचं, ही राखीव उद्यानं सांभाळणारं ‘फॉरेस्ट प्रिझर्व्ह’ खातं १९१४ मध्ये स्थापन झालं आणि १९१६ मध्ये पॅलटाइन गावाजवळचं डीअर ग्रोव्ह हे पहिलं रान विकत घेतलं गेलं. आज या खात्याकडे सुमारे ७० हजार एकर जमीन आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या अंगणात ही केवढी दौलत!

पण जमीन विकत घेऊन नुसती सोडून दिली, की ती सांभाळली जाते असं नाही. ही कुरणं हजारो वर्षं आगीच्या सोबतीने जगली होती. पोटावाटोमी आणि इतर मूळ रहिवासी ठरावीक काळाने गवत पेटवत. आग वरचं वाळलेलं गवत जाळी, मुळं मात्र जमिनीत शाबूत राहत आणि झुडपांना डोकं वर काढता येत नसे. १८३३ च्या शिकागो करारानंतर पोटावाटोमींना ही भूमी सोडावी लागली. त्यांच्याबरोबर आगही गेली. ‘निसर्गाला हात लावू नये’ या सद्‌भावनेने राखलेल्या उद्यानांत मग हळूहळू सावली दाटत गेली.

ही सावली मुख्यतः बकथॉर्नची. कुंपणासाठी म्हणून युरोपातून आणलेलं हे झुडूप. इथल्या झाडांच्या आधी त्याला पालवी फुटते आणि सगळ्यांची पानं गळून गेल्यावरही ते हिरवंच राहतं. त्यामुळे खालच्या गवताला ऊन म्हणून मिळत नाही. पक्षी त्याची काळी फळं खातात आणि बिया सर्वदूर टाकतात. त्याच्या पानांत, फळांत इमोडिन नावाचं रसायन असतं. ते पाण्यात उतरलं की बेडकांच्या अंड्यांतल्या पिल्लांना अपाय होतो, असं शिकागो परिसरातल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. २०१० मध्ये या परिसराची वृक्षगणना झाली, तेव्हा संख्येत पहिला क्रमांक बकथॉर्नचाच लागला.

या दाट सावलीत पहिला उजेड पाडला तो हौशी माणसांनी. स्टीफन पॅकर्ड हे वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नव्हते. नॉर्थ ब्रँचच्या काठाने सायकलवरून जाताना त्यांना झुडपांच्या मधे मूळ प्रेअरीचे लहान लहान तुकडे तग धरून असलेले दिसले. १९७७ मध्ये त्यांनी काही नागरिकांना जमवलं, खात्याची परवानगी मिळवली आणि सुट्टीच्या दिवशी काम सुरू केलं. त्यातून आजचा ‘नॉर्थ ब्रँच रिस्टोरेशन प्रोजेक्ट’ उभा राहिला. नर्सरीत मिळणाऱ्या बिया चालणार नव्हत्या, त्या याच मातीतल्या हव्या होत्या. मग ही मंडळी रेल्वेरुळांच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींच्या कोपऱ्यांत फिरू लागली. नांगर जिथे कधी पोहोचला नाही, तिथे मूळ गवतं आणि फुलझाडं टिकून होती.

बियांचं हे काम आजही हातानेच होतं. शरद ऋतूत स्वयंसेवक गळ्यात पिशव्या अडकवून कुरणात शिरतात. कुठली शेंग तडकायच्या बेतात आहे, कुठला तुरा अजून कच्चा आहे, हे पाहत ओंजळ ओंजळ बी जमवतात आणि बराच वाटा झाडावरच ठेवतात. नंतर ते वाळवायचं, चाळणीवर घासून भुसा वेगळा करायचा आणि जमिनीच्या ओलीप्रमाणे त्याची मिश्रणं करायची. पाणी साचतं तिथलं वेगळं, नुसतं दमट राहतं तिथलं वेगळं, कोरड्या उंचवट्यावरचं वेगळं. मुलांना या मिश्रणात कोपरापर्यंत हात घालायला फार आवडतं. हिवाळ्याच्या तोंडावर मोकळ्या झालेल्या जमिनीवर ते मुठीने फेकलं जातं, कारण यांतल्या कित्येक बियांना थंडीचे काही महिने सोसल्याशिवाय कोंब फुटत नाही.

सगळ्यांत नाजूक काम पांढऱ्या झालरीच्या प्रेअरी ऑर्किडचं. हे ऑर्किड ओलसर प्रेअरीत आणि लव्हाळ्यांच्या कुरणात वाढतं. अमेरिकी सरकारने १९८९ मध्ये त्याला धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत टाकलं. त्याचं परागीभवन रात्री उडणारे मोठे पतंग करतात. रोपंच विरळ झाली, तेव्हा पतंगाने एका फुलावरून दुसऱ्यापर्यंत पोहोचावं तरी कसं? म्हणून जुलैच्या सुमारास स्वयंसेवक दात कोरायची काडी घेऊन गवतात गुडघे टेकतात. काडीचं टोक फुलात अलगद घातलं की परागांचा इवलासा पिवळा पुंज त्याला चिकटून बाहेर येतो. तो दुसऱ्या रोपाच्या फुलाला लावायचा. परसातल्या भोपळ्याला फळ धरत नसेल तर आजी नर फूल खुडून मादी फुलावर फिरवते, तसंच हे काम. पुढे शेंग धरते आणि तिच्यात धुळीसारखं बारीक बी तयार होतं. त्या बीजाला मातीतल्या विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं आणि फूल यायला त्यानंतरही कित्येक वर्षं जातात. इतकी वाट पाहायची तयारी असलेली माणसं इथे आहेत, म्हणून ते ऑर्किड आहे.

पण पाणीच नसेल तर बी पेरून उपयोग काय? शेतीच्या काळात पुरलेल्या नळ्या अजूनही कित्येक ठिकाणी मुकाट्याने पाणी वाहून नेत असतात. डीअर ग्रोव्हच्या पूर्व भागात त्या शोधून निकामी करण्यात आल्या. त्यासाठी वापरला गेला तो शिकागोच्या ओहेअर विमानतळाच्या विस्तारात नष्ट झालेल्या पाणथळ जागांच्या भरपाईचा पैसा. नळ्या बंद झाल्या आणि जुन्या सखल जागी पाणी पुन्हा साचू लागलं.

मुलांना या कामात रीतसर आणलं ते १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘मायटी एकॉर्न्स’ उपक्रमाने. चौथी ते सहावीचे वर्ग वर्षातून तीनदा, शरदात, हिवाळ्यात आणि वसंतात, एकाच जागी येतात. सहलीला वेगळं ठिकाण दाखवण्याची नेहमीची पद्धत इथे मुद्दाम टाळली आहे. शरदात आपण जमवलेलं बी कुठे पडलं, हिवाळ्यात आपण तोडलेल्या झुडपाखाली काय उगवलं, हे मुलांना वसंतात त्याच जागी पाहायला मिळतं. तणनाशकाचं काम आणि गवत पेटवण्याचं काम प्रशिक्षित मोठी माणसंच करतात. इलिनॉयच्या काही शाळांनी तर वर्गात भुंगेरे वाढवले. पर्पल लूजस्ट्राइफ हे जांभळ्या फुलांचं परदेशी तण पाणथळ जागा गिळत सुटतं. त्याची पानं खाणारे छोटे भुंगेरे जाळीने झाकलेल्या कुंड्यांत मुलांनी जोपासले आणि दलदलीत नेऊन सोडले.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. १९९६ मध्ये शेजारच्या रहिवाशांनी झाडतोड, आग आणि तणनाशकांविरुद्ध आवाज उठवला आणि कुक काउंटीने कामाला स्थगिती दिली. ती पुढे टप्प्याटप्प्याने उठली. विरोधकांचा राग समजण्यासारखा होता. घरामागची हिरवी भिंत एका हिवाळ्यात नाहीशी झाली तर कोणालाही धक्का बसेल. स्वयंसेवकांना तेव्हा उमगलं, की कुरणावर जितकी मेहनत घ्यायची, तितकीच शेजाऱ्यांशी बोलण्यावरही घ्यायला हवी.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या वादाची जात ओळखीची वाटेल. आपली माळरानं सरकारी दप्तरात वर्षानुवर्षं पडीक ठरत आली आणि तिथे झाडं लावणं म्हणजे सुधारणा असं मानलं गेलं. माळढोक, काळवीट, लांडगा यांना लागतो तो उघडा माळ. हिरवं दिसणारं प्रत्येक रान निरोगी असतंच असं नाही, हे शिकागोच्या लोकांना कळायला जितका वेळ लागला, तितका आपल्याला लागू नये.

कुक काउंटीत वारं फिरलं आहे. २०१४ च्या आराखड्यात पंचवीस वर्षांत ३० हजार एकर जमीन पूर्ववत करण्याचं लक्ष्य ठेवलं गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये या उद्यानांसाठी मालमत्ता कर वाढवावा का, असा प्रश्न थेट मतदारांना विचारला गेला आणि दोन तृतीयांशाहून अधिक लोकांनी होकार दिला. त्या पैशातून मोठी झुडपं यंत्रांनी काढता येतील, कामगार नेमता येतील. दुर्मीळ फुलांचं बी मात्र अजूनही तेच लोक जमवतात, ज्यांना कुठल्या ओघळाशी कुठलं रोप केव्हा पिकतं हे अनेक हंगामांच्या ये-जा करण्यातून ठाऊक झालं आहे. शरदातले त्यांचे बी जमवण्याचे दिवस सर्वांसाठी खुले असतात. आधीचा अनुभव लागत नाही. पिशव्या आणि हातमोजे तिथेच मिळतात आणि मोठ्यांसोबत आलेल्या मुलांनाही काम दिलं जातं.