गाटो येथील विमानतळ : पूर्ववृत्त व सांप्रतचा उपयोग

या त्रैमासिकांत एका जर्मन लष्करी विमानतळाचा वृत्तांत यावा याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. ताम्रपट, सनदा, बखरी व पोथ्या यांच्या सहवासांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस धावपट्टीशीं काय कर्तव्य, असा प्रश्न ते करतील. परंतु एकाच कागदावर निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या हातांनीं लिहिलेला मजकूर शाईवरून व अक्षराच्या वळणावरून वेगळा काढणें हें आमच्या वाचकांचें नित्याचें काम आहे. बर्लिनच्या नैर्ऋत्येस, हाफेल नदीच्या पश्चिम तीरावर, गाटो व क्लाडो या दोन जुन्या खेड्यांच्या शेजारीं असलेला हा तळ असाच एक कागद आहे. त्यावरील हात चार. आणि नव्या हातानें जुना मजकूर सहसा पुसलेला नाहीं.

पहिला हात हिटलरच्या राजवटीचा. व्हर्सायच्या तहानें (१९१९) जर्मनीस लष्करी वायुदल ठेवण्याची मनाई होती. नवें वायुदल, म्हणजे लुफ्तवाफे, स्थापन झाल्याची उघड घोषणा मार्च १९३५ मध्यें झाली. गाटोचें काम मात्र १९३४ सालींच सुरू झालेलें होतें. ज्या दलाचें अस्तित्व जगास सांगितलें नव्हतें, त्याच्या पाठशाळेचा पाया आधींच खणला गेला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. लिखित साधनांत जें नाहीं तें जमिनींत सांपडतें, हा अनुभव आमच्या मंडळीस नवा नाहीं. १ नोव्हेंबर १९३५ रोजीं येथें वैमानिक अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची युद्धपाठशाळा उघडली.

एप्रिल १९४५ मध्यें हा तळ सोव्हिएट सैन्यानें घेतला. हा दुसरा हात फार थोडा काळ टिकला. बर्लिनची वांटणी होतांच त्याच वर्षाच्या जुलैंत तळ ब्रिटिशांकडे आला. पोट्सडामच्या परिषदेसाठीं ट्रुमन व चर्चिल हे दोघेही १५ जुलै रोजीं गाटो येथेंच विमानांतून उतरले. स्टालिन आगगाडीनें आला. ब्रिटिशांपुढें अडचण अशी कीं, शहराची जुनी हद्द तळाच्या अगदीं जवळून जात असल्यामुळें त्याचा पश्चिमेकडील भाग सोव्हिएट मुलुखांत मोडे. तेव्हां ऑगस्ट १९४५ च्या अखेरीस अदलाबदल ठरली. श्टाकेनचा पश्चिम भाग सोव्हिएटांस मिळाला आणि त्याच्या मोबदल्यांत झेबुर्गजवळील जमिनीचा सुळका व ग्रोस ग्लिनिकेचा पूर्व भाग ब्रिटिशांकडे आला. एका धावपट्टीसाठीं गांवांच्या शिवा हलल्या, आणि तेथें राहणाऱ्या माणसांचें पुढील सर्व भवितव्य त्या रेघेप्रमाणें ठरलें. श्टाकेनच्या लोकांस कोणीं विचारलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

५ एप्रिल १९४८ रोजीं येथें उतरूं पाहणारें एक ब्रिटिश प्रवासी विमान व एक सोव्हिएट लढाऊ विमान यांची हवेंत टक्कर झाली. प्रवासी विमानांतील १४ व सोव्हिएट वैमानिक मिळून १५ माणसें दगावलीं. दोन्ही पक्षांनीं चौकशी केली. ब्रिटिशांनीं दोष सोव्हिएट वैमानिकावर ठेवला, सोव्हिएटांनीं ब्रिटिश विमानावर. ज्यांनीं एकाच लढाईच्या दोन पक्षांच्या बखरी शेजारीं ठेवून वाचल्या आहेत त्यांस अधिक सांगणें नको.

याच्या पुढचें प्रकरण या तळाच्या इतिहासांत सर्वांत मोठें आहे. २४ जून १९४८ पासून सोव्हिएटांनीं पश्चिम बर्लिनचे रस्ते, लोहमार्ग व कालवे अडविले. वीस लक्षांहून अधिक वस्तीचें शहर. त्याचें पीठ, कोळसा, औषध सर्व आकाशमार्गें आणावें लागलें. अमेरिकन विभागांत टेम्पेलहोफ आणि ब्रिटिश विभागांत गाटो हे दोनच तळ तेव्हां तयार होते. फ्रेंच विभागांतील टेगेल त्याच वर्षाच्या अखेरीस उभा राहिला. धान्याहून कोळसाच अधिक लागे. एकंदर वजनाच्या सुमारें दोन तृतीयांश भाग त्याचाच होता. मिठाची गोष्ट विशेष मौजेची आहे. मीठ धातूस खातें, म्हणून साध्या विमानांतून तें आणणें धोक्याचें. तेव्हां समुद्रावर उतरण्यासाठीं बांधलेलीं, खाऱ्या पाण्यापासून सुरक्षित केलेलीं संडरलँड जातीचीं विमानें हांबुर्गहून उडून गाटोशेजारीं हाफेलच्या पाण्यावर उतरत, आणि बर्लिनला मीठ मिळे. नदी गोठण्याचे दिवस आले तेव्हां तें बंद झालें. १२ मे १९४९ रोजीं वेढा उठला. विमानें मात्र सप्टेंबरअखेरपर्यंत येत राहिलीं. तोंवर सुमारें पावणेतीन लक्ष फेऱ्यांत तेवीस लक्ष टनांहून अधिक माल आला होता. या कामीं ३९ ब्रिटिश व ३१ अमेरिकन माणसें कामास आलीं. जर्मन कामगार वेगळे. ज्या ब्रिटिश दलानें चार-पांच वर्षांपूर्वीं याच शहरावर रात्रीमागून रात्रीं बाँब टाकले, तेंच आतां त्याच्या शत्रूनें बांधलेल्या तळावर पिठाचीं पोतीं उतरवीत होतें. असा विपर्यास कोणा कवीनें रचला असता तर आम्ही त्यास अतिशयोक्ति म्हटलें असतें.

ब्रिटिशांनीं या तळाच्या चिन्हावर लॅटिन वचन घातलें: ‘पोन्स हेरि, पोन्स होदिए’, म्हणजे काल सेतु, आज सेतु. संस्कृताच्या अभ्यासकास येथें थोडें थांबावेंसें वाटेल. ‘हेरि’ म्हणजे आपला ‘ह्यः’. ‘होदिए’ यांतील ‘दिए’ हा ‘दिव्’ शब्दाचा सोदर. आणि ‘पोन्स’ व ‘पन्थाः’ हीं एकाच मूळ शब्दाचीं रूपें. लॅटिनांत त्याचा अर्थ पूल असा झाला, संस्कृतांत वाट असाच राहिला.

पुढील चाळीस वर्षांविषयीं थोडक्यांत सांगतों. १९६१ नंतर पूर्व जर्मनीची कडेकोट सीमा तळाच्या पश्चिमेस लागूनच होती. येथून ब्रिटिशांचीं चिपमंक जातीचीं दोन छोटीं विमानें शहराभोंवतालच्या वीस मैलांच्या वर्तुळांत फिरत व सोव्हिएट सैन्याच्या हालचालींचीं छायाचित्रें घेत. नांव सरावाचें, काम टेहळणीचें.

सप्टेंबर १९९४ मध्यें ब्रिटिश गेले व तळ जर्मन लुफ्तवाफेकडे आला. छावणीस योहानेस श्टाइनहोफ याचें नांव दिलें आहे. हा हिटलरच्या वायुदलांतील नामांकित वैमानिक. एप्रिल १९४५ मध्यें जेट विमानाच्या अपघातांत त्याचा चेहरा भाजून निघाला, आणि पुढें १९६६ ते १९७० पर्यंत तोच पश्चिम जर्मन वायुदलाचा प्रमुख होता. एका माणसांतही दोन हात दिसतात ते असे.

१९९५ सालीं विमानांची वाहतूक येथें बंद झाली व वायुदलाचें संग्रहालय उटेर्झेनहून येथें आणलें. २०१० पासून तें ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहास संग्रहालयाची शाखा आहे. जुन्या विमानशाळांत व उघड्यावर पूर्व जर्मनीचीं मिग आणि पश्चिम जर्मनीचीं स्टारफायटर शेजारीं शेजारीं उभीं आहेत. याच कुंपणाच्या आंत २०१३ पासून लुफ्तवाफेच्या सेनापतित्वाची कचेरीही आहे. ज्याचें दप्तर त्याच्याच हातीं राखण्यास असावें ही व्यवस्था आम्हांस फारशी रुचत नाहीं. पण शंभराहून अधिक जर्मन वैमानिकांचा बळी घेणारें स्टारफायटर त्यांनीं लपविलेलें नाहीं, हेंही नमूद केलें पाहिजे.

आमची खरी तक्रार निराळी आहे. धावपट्टीच्या पश्चिमेकडील भागावर आतां घरांची नवी वसाहत झाली आहे. ज्या तुकड्यासाठीं १९४५ सालीं शिवा हलविल्या त्याच बाजूस आज बागा व अंगणें आहेत. त्या पुरवठ्यांत भाग घेतलेलें व पुढें अनेक वर्षें गाटो येथें उभें असलेलें हेस्टिंग्ज जातीचें एक विमानही आतां येथें नाहीं. तें पाहण्यास हाफेल ओलांडून डालेम येथील मित्रराष्ट्रांच्या संग्रहालयांत जावें लागतें.