जपान खंदकातली निसरडी चिकणमाती

मऊ, निसरड्या मातीत ताण साठत नाही, म्हणून तिथे भूकंपाची मोठी घसरण होत नाही, हा समज 11 मार्च 2011 रोजी जपानच्या तोहोकू किनाऱ्यासमोर झालेल्या भूकंपाने मोडला. पॅसिफिक भूपट्ट जिथे जपानखाली शिरतो, त्या खंदकाजवळचा उथळ भाग सावकाश सरकत राहील अशी बहुतेकांची धारणा होती. प्रत्यक्षात तो सुमारे 50 मीटर सरकला. त्सुनामी एवढी उंच उठली ती मुख्यतः त्यामुळेच. 2012 मध्ये ‘चिक्यू’ जहाजाने जवळपास 7 किलोमीटर पाण्याखालच्या समुद्रतळात 800 मीटरहून खोल छिद्र घेतले. हाती आली ती खवलेदार, स्मेक्टाइट या निसरड्या खनिजाने भरलेली चिकणमाती. भ्रंशाचा पट्टा जेमतेम पाच मीटरांचा. भूकंपानंतर सुमारे दीड वर्षानेही तिथले तापमान आजूबाजूपेक्षा जास्त होते, पण फक्त 0.31 अंश सेल्सिअसने. एवढ्या घसरणीत इतकीच उष्णता, म्हणजे घर्षणांक 0.08च्या आसपास, बहुतेक खडकांचा तो 0.6 ते 0.85 असतो.

मग इतकी दुबळी माती ताण धरतेच कशी, हा आक्षेप रास्त आहे. पण ताण मुख्यतः खोलवरच्या, घट्ट अडकलेल्या भागात साठला होता. भेग तिथून वेगाने वर आली, तेव्हा मातीतले पाणी तापले, त्याचा दाब वाढला आणि उरलेसुरले घर्षणही घटले. म्हणूनच प्रयोगशाळेत माती संथ गतीने घासून केलेल्या प्रयोगांवरून खंदकालगतचा भाग निर्धोक ठरवणे मला चुकीचे वाटते. अर्थात प्रत्येक खंदकात हीच माती सापडेल असे नाही. ते छिद्र घेऊनच कळते.