औषधांची मात्रारूपे : स्वरूप, वर्गीकरणाचे निकष आणि व्यवहारातील महत्त्व

सारांश

औषधी द्रव्य रुग्णाच्या शरीरात थेट त्याच्या मूळ स्वरूपात क्वचितच दिले जाते. गोळी, कॅप्सूल, सिरप, मलम, इंजेक्शन, फवारा अशा एखाद्या निश्चित रूपात ते सिद्ध करावे लागते. या रूपास 'मात्रारूप' असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात मात्रारूपाची संकल्पना, त्याच्या वर्गीकरणाचे प्रमुख निकष, भारतीय परंपरेतील कल्पना-विचार आणि वर्गीकरणाच्या अज्ञानातून संभवणारे धोके यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : मात्रारूप, सहघटक, सेवनमार्ग, विघटन, निर्जंतुकता, नियंत्रित मुक्ती

प्रस्तावना

१९३७ साली अमेरिकेत घडलेली एक घटना औषधनिर्माणशास्त्राच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरील औषध त्या काळी गोळी व भुकटी या रूपांत वापरले जात होते. द्रवरूप औषधाला मागणी असल्याचे पाहून एका उत्पादकाने त्याचे गोड चवीचे एलिक्झिर तयार केले. मूळ औषध पाण्यात सहज विरघळत नसल्यामुळे द्रावक म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल वापरण्यात आले. एलिक्झिरची चव, वास व रंग यांची तपासणी झाली. विषारीपणाची मात्र झाली नाही. परिणामी शंभराहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले व त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते. या दुर्घटनेनंतर १९३८ मध्ये अमेरिकेत औषधाची सुरक्षितता विक्रीपूर्वी सिद्ध करण्याचे बंधन घालणारा कायदा अस्तित्वात आला.

या घटनेत औषध बदललेले नव्हते, केवळ त्याचे रूप बदलले होते. यावरून मात्रारूप हे औषधाचे बाह्य आवरण नसून औषधाच्या परिणामाचा एक निर्णायक घटक आहे, हे स्पष्ट होते. सर्वसामान्य व्यवहारात मात्र 'गोळी काय नि औषध काय, एकच' अशी समजूत आढळते. सुशिक्षित वर्गही तीस अपवाद नाही. या पार्श्वभूमीवर मात्रारूपांचे वर्गीकरण समजून घेणे ही केवळ औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांची गरज राहत नाही.

१. मात्रारूप : संकल्पना व घटक

क्रियाशील औषधी द्रव्य आणि सहघटक यांच्या संयोगातून, ठरावीक मात्रेत व ठरावीक मार्गाने देता येईल असे सिद्ध केलेले रूप म्हणजे मात्रारूप होय. अनेक औषधांची एका वेळची मात्रा काही मिलिग्रॅम, तर काहींची त्याहूनही अल्प असते. एवढी सूक्ष्म मात्रा हाताने मोजून घेणे शक्य नसते. म्हणून गोळीत लॅक्टोज, स्टार्च यांसारखी पूरक द्रव्ये, कण एकत्र धरून ठेवणारी बंधक द्रव्ये, पोटात गोळी फुटावी यासाठी विघटक द्रव्ये व यंत्रास भुकटी चिकटू नये यासाठी वंगणद्रव्ये मिसळली जातात.

सहघटक 'निष्क्रिय' मानले जातात. परंतु ही निष्क्रियता सापेक्ष आहे. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाच्या कॅप्सूलमधील कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज वापरण्यात आले. औषधाची मात्रा पूर्वीइतकीच असूनही अनेक रुग्णांत विषबाधेची लक्षणे दिसली. कारण नव्या सहघटकामुळे औषध रक्तात अधिक प्रमाणात शोषले जाऊ लागले होते. सहघटकांचा विचार मात्रारूपाच्या अभ्यासात मध्यवर्ती का मानला जातो, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

२. वर्गीकरणाचे प्रमुख निकष

२.१ भौतिक अवस्था

हा सर्वांत जुना व सुलभ निकष होय. त्यानुसार मात्रारूपांचे घन, अर्धघन, द्रव व वायुरूप असे चार गट पडतात.

घन मात्रारूपांत भुकटी, गोळी, कॅप्सूल व वर्ती अर्थात सपोझिटरी यांचा समावेश होतो. दाबयंत्राने गोळी बनविण्याचे एकस्व इंग्लंडमध्ये विल्यम ब्रॉकेडन यांना १८४३ मध्ये मिळाले. जिलेटिनच्या कॅप्सूलचे एकस्व त्याआधी, १८३४ मध्ये फ्रान्समध्ये नोंदविले गेले होते. घनरूप औषध टिकाऊ असते, वाहतुकीस सोपे जाते व त्यातील मात्रा निश्चित असते. मात्र ते गिळावे लागते आणि लहान मुले, अतिवृद्ध व बेशुद्ध रुग्ण यांच्या बाबतीत हीच अडचण ठरते. पाण्यात विरघळवून घ्यावयाच्या किंवा पाण्यात विखुरणाऱ्या गोळ्या या अडचणीतून निर्माण झाल्या. बालकांच्या अतिसारात १० ते १४ दिवस दिली जाणारी जस्ताची गोळी याच प्रकारची असते.

भुकटी हे वरकरणी अगदी साधे रूप. पण त्याचे सामर्थ्य मोठे आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ उद्भवली. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज यांच्या मिश्रणाची पाकिटे तयार करवून ते पाण्यातून तोंडाने देण्याचा मार्ग अवलंबिला. त्यामुळे मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सुधारित सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठीच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम सोडियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट व १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. येथे पाण्याचे मोजमाप हाही मात्रारूपाचाच भाग ठरतो. पाणी कमी घेतल्यास द्रावण अतितीव्र होऊन अपायकारक ठरू शकते.

अर्धघन गटात मलम, क्रीम, जेल व पेस्ट ही रूपे येतात. मलमाचा आधार बहुधा स्निग्ध असतो व तो त्वचेवर थर धरून राहतो. म्हणून कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेस मलम योग्य ठरते. क्रीम हे तेल व पाणी यांचे पायस असल्याने ते त्वचेत लवकर जिरते व ओलसर जागी अधिक सोयीचे असते.

द्रव गटात द्रावण, सिरप, एलिक्झिर, निलंबन व पायस यांचा अंतर्भाव होतो. द्रावणात औषध पूर्णपणे विरघळलेले असते. निलंबनात त्याचे सूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात व काही काळाने तळाशी बसतात. 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा' ही सूचना निलंबनावर छापलेली असते ती याच कारणाने. बाटली न हलविता औषध दिल्यास पहिल्या काही मात्रा सौम्य व शेवटच्या मात्रा तीव्र होतात. वायुरूप गटात श्वसनावाटे घ्यावयाचे वायू व फवारे येतात. दमेकऱ्यांसाठीचा मोजून औषध देणारा फवारा १९५६ मध्ये प्रचारात आला. फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचण्यासाठी त्यातील कण साधारणतः १ ते ५ मायक्रोमीटर आकाराचे असावे लागतात. मोठे कण घशातच अडकतात.

२.२ सेवनमार्ग

औषध शरीरात कोणत्या मार्गाने प्रवेश करते, या निकषावर मौखिक, जिभेखालील, गुदमार्गीय, त्वचेवरील, श्वसनमार्गीय, नेत्र-कर्ण-नासिकेतील व सुईवाटे द्यावयाची अशी विभागणी केली जाते. तोंडाने घेतलेले औषध आतड्यातून शोषले गेल्यावर प्रथम यकृतात जाते व तेथे त्याचा काही अंश निष्प्रभ होतो. हृदयशूलावरील नायट्रोग्लिसरिनचा बहुतांश भाग अशा प्रकारे नष्ट होत असल्याने त्याची गोळी जिभेखाली ठेवली जाते. तेथून औषध थेट रक्ताभिसरणात मिसळते. इन्सुलिन हे प्रथिन पचनमार्गात विघटित होते, म्हणून ते त्वचेखाली टोचावे लागते. बीसीजी लस त्वचेच्या थरातच दिली जाते. तात्पर्य, मार्गाची निवड ही रुग्णाच्या वा वैद्याच्या पसंतीपेक्षा औषधाच्या गुणधर्मावर अधिक अवलंबून असते.

२.३ निर्जंतुकता

इंजेक्शने, शिरेतून द्यावयाची द्रावणे व डोळ्यांत घालावयाचे थेंब ही मात्रारूपे निर्जंतुक असणे अनिवार्य असते. कारण ती शरीराच्या नैसर्गिक संरक्षक भिंती ओलांडतात किंवा अतिसंवेदनशील अवयवात दिली जातात. कानाच्या थेंबांची बाटली डोळ्यांसाठी वापरणे अथवा डोळ्यांच्या औषधाची उघडलेली बाटली महिन्यानंतरही वापरत राहणे घातक असते, ते यामुळेच. काही औषधे द्रवरूपात टिकत नाहीत. ती गोठवून वाळविलेल्या भुकटीच्या रूपात साठवितात व ऐनवेळी निर्जंतुक पाण्यात विरघळवून टोचतात. सर्पविषावरील प्रतिविष हे याचे ठळक उदाहरण होय. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या प्रतिविषाच्या निर्मितीशी दीर्घकाळ जोडले गेले आहे. वीजपुरवठा अनिश्चित असलेल्या ग्रामीण आरोग्य केंद्रांत भुकटीरूप प्रतिविष द्रवरूपापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.

२.४ औषध मुक्त होण्याचा वेग

गोळी पोटात केव्हा फुटते व औषध किती काळात बाहेर पडते, हा आधुनिक वर्गीकरणातील सर्वांत महत्त्वाचा निकष मानावा लागेल. भारतीय औषधसंहितेची पहिली आवृत्ती १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. या संहितेत गोळ्यांच्या विघटनासाठी कालमर्यादा निश्चित केल्या आहेत. विनालेपित गोळीसाठी १५ मिनिटे, पातळ पटलाचा लेप असलेल्या गोळीसाठी ३० मिनिटे, तर पाण्यात विखुरणाऱ्या गोळीसाठी ३ मिनिटे ही मर्यादा आहे. आंत्रलेपित गोळी मात्र आम्ल द्रावणात २ तास अभंग राहावी व त्यानंतरच्या आतड्यासदृश द्रावणात तासाभरात विघटित व्हावी, अशी अपेक्षा असते. पँटोप्रॅझोलसारखे औषध जठराम्लात नष्ट होते, म्हणून त्यास असा लेप आवश्यक असतो.

दीर्घकाळ हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्यांच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर अशी अक्षरे असतात. मधुमेह व रक्तदाब यांवरील अनेक गोळ्या या प्रकारच्या आहेत. वृद्ध रुग्णास गिळता येत नाही म्हणून अशी गोळी कुटून दिल्यास दिवसभरात मिळावयाचे औषध अल्पावधीत रक्तात उतरते. घरोघरी सद्हेतूने होणारी ही चूक जिवावर बेतू शकते. ती टाळण्यासाठी वेष्टनावरील दोन अक्षरांचा अर्थ माहीत असणे पुरेसे असते.

३. भारतीय परंपरेतील कल्पना-विचार

मात्रारूपांचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण ही केवळ पाश्चात्त्य वैद्यकाची देणगी नव्हे. आयुर्वेदात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट या पाच मूलभूत कल्पना सांगितल्या आहेत. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास सिद्ध झालेल्या शार्ङ्गधर संहितेच्या मध्यम खंडाची मांडणीच मुळी चूर्ण, गुटिका, अवलेह, स्नेह, आसव-अरिष्ट अशा कल्पनांनुसार आहे. क्वाथासाठी एक भाग द्रव्य सोळा भाग पाण्यात उकळून अष्टमांश उरवावे, हिमासाठी सहा भाग पाण्यात रात्रभर भिजवावे, फांटासाठी चार भाग उष्ण पाणी वापरावे, असे प्रमाण तेथे दिले आहे. पाच कल्पनांपैकी स्वरस सर्वांत बलवान व पुढील प्रत्येक कल्पना उत्तरोत्तर लघु मानली जाते. व्याधीचे व रुग्णाचे बल पाहून कल्पना निवडावी, हे तत्त्व यामागे आहे. द्रव्य तेच असूनही रूपानुसार त्याचे सामर्थ्य बदलते, ही जाणीव या परंपरेत स्पष्टपणे दिसते.

४. वर्गीकरणाच्या मर्यादा

उपरोक्त निकषांपैकी कोणताही एक निकष स्वयंपूर्ण नाही. सपोझिटरी भौतिकदृष्ट्या घन आहे. परंतु शरीराच्या उष्णतेने ती वितळते आणि तिचा परिणाम स्थानिकही असू शकतो वा सर्वदेही. प्रतिजैविकाचे 'ड्राय सिरप' दुकानात भुकटी असते, घरी ते निलंबन होते व त्यानंतर साधारणतः सात दिवसांतच वापरावे लागते. त्वचेवर चिकटवावयाची औषधी पट्टी बाह्योपचाराची वाटते; प्रत्यक्षात तिच्यातील औषध त्वचेतून रक्तात जाते. म्हणून एखाद्या मात्रारूपाचे स्थान निश्चित करताना अवस्था, मार्ग, निर्जंतुकता व मुक्तीचा वेग हे चारही निकष एकत्रितपणे लावणे श्रेयस्कर ठरते.

५. नियमन आणि दक्षता

भारतात औषधांचे नियमन १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ ची नियमावली यांद्वारे होत आले आहे. तथापि द्रवरूप औषधांतील द्रावकाचा प्रश्न १९३७ सालीच संपला, असे म्हणता येत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलने दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले व चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. २०२२ मध्ये गांबियातील बालमृत्यूंच्या संदर्भात जागतिक आरोग्य संघटनेने दूषित सिरपविषयी इशारा दिला. त्यानंतर १ जून २०२३ पासून भारतातून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या सिरपची पूर्वतपासणी बंधनकारक करण्यात आली. तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित सिरपमुळे बालके मृत्युमुखी पडली. चारही घटनांत घातक ठरले ते रोगावरील क्रियाशील औषध नव्हे, तर द्रवरूप औषधात आलेले तेच विषारी रसायन. द्रव मात्रारूपात द्रावकाचा वाटा मोठा असतो. म्हणून त्याची शुद्धता प्रत्येक खेपेस तपासणे अपरिहार्य ठरते.

निष्कर्ष

१) मात्रारूप हे औषधाच्या परिणामकारकतेचा व सुरक्षिततेचा अविभाज्य घटक आहे, क्रियाशील द्रव्य तेच राहूनही रूपबदलाने परिणाम बदलतो.

२) भौतिक अवस्था, सेवनमार्ग, निर्जंतुकता व औषधमुक्तीचा वेग हे वर्गीकरणाचे परस्परपूरक निकष आहेत.

३) प्रत्येक वर्गाबरोबर एक विशिष्ट दक्षता येते. निलंबन हलवून घ्यावे, आंत्रलेपित वा दीर्घमुक्ती गोळी कुटू नये, निर्जंतुक औषधाची उघडलेली बाटली मुदतीबाहेर वापरू नये आणि क्षारसंजीवनीसाठी पाणी मोजूनच घ्यावे.

४) महाविद्यालयीन स्तरावर विज्ञान, गृहविज्ञान व राष्ट्रीय सेवा योजनेच्या उपक्रमांतून औषधाच्या वेष्टनाचे वाचन शिकविणे सहज शक्य आहे. प्राध्यापकवर्गाने हे कार्य हाती घेतल्यास औषधनिर्माणशास्त्रातील हे ज्ञान प्रयोगशाळेच्या भिंतींपलीकडे, जेथे औषध प्रत्यक्ष घेतले जाते त्या घरापर्यंत पोहोचू शकेल.