दर वर्षी चालणारा किनारा

कळंब हे इंदापूर तालुक्यातलं नीरेकाठचं गाव. कोकणचा समुद्र इथून दीडशे किलोमीटरहून दूर, आणि मध्ये सह्याद्री उभा. तरीही या गावाचं समुद्राशी जुनं नातं आहे. १९३०च्या दशकात ज्यांनी कळंबला साखर कारखाना काढला आणि ज्यांच्या नावानं वालचंदनगर वसलं, ते वालचंद हिराचंद म्हणजे भारतीय जहाजधंद्याची पायाभरणी करणारे. त्यांच्या सिंधिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आपण आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. वालचंद १९५३ साली गेले, आणि त्यानंतर सत्तावीस वर्षांनी खुद्द इंदापूर तालुक्यालाच किनारा मिळाला!

हा किनारा उजनीचा. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्यामागे यशवंतसागर पसरला. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत, माढा अशा तालुक्यांच्या शिवारांना त्याचं पाणी लागलं. कळंबहून उत्तरेला भिगवण-कुंभारगावच्या बाजूला गेलं, की उसाचे फड संपतात आणि अचानक क्षितिजापर्यंत पाणीच पाणी दिसतं. घरची चार माणसं आणि दोन-तीन मित्र घेऊन कोळ्याच्या होडीत बसावं, आणि महाराष्ट्रातल्या अवर्षणी पट्ट्याच्या मधोमध समुद्रपक्ष्यांच्या थव्यांतून फिरावं, हे इथे खरोखर घडतं. गंमत म्हणून हे पाहाच. पण असं का घडतं हे कळलं, की ती गंमत दुप्पट होते.

सगळ्याचं मूळ एका आकड्यात आहे. उजनीची साठवण सुमारे ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर दोन हजार आठशे कोटींहून अधिक. पण या ११७ पैकी उपयुक्त साठा सुमारे साडेत्रेपन्नच. बाकीचे ६३ टीएमसीहून जास्त पाणी हा मृतसाठा, म्हणजे ठरलेल्या पातळीच्या खालचं पाणी. जिवंत साठ्यापेक्षा मृतसाठा मोठा, असं हे धरण! टक्के मोजायचे ते फक्त उपयुक्त साठ्याचे. म्हणून उन्हाळ्यात इथली माणसं ‘उजनी मायनसमध्ये गेली’ म्हणतात, आणि तरीही समोर पाणी असतंच. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली. उणे पन्नास म्हणजे मृतसाठ्यातलेही जवळजवळ २७ टीएमसी उपसलेले, आणि तरी ३६ टीएमसीहून अधिक शिल्लक.

आता जमिनीचा उतार पाहा. कोयनेसारखं धरण डोंगरांच्या खोल दरीत बसलेलं असतं. उजनीचं पाणी मात्र सपाट पठारावर पसरलंय. तांब्यातलं पाणी बोटभर उतरलं तर काठ तिथेच राहतो, परातीतलं बोटभर उतरलं तर काठ बराच आत सरकतो. उजनी ही अशी परात आहे. पावसाळ्यात पाणी शेतांपर्यंत येतं आणि हिवाळा-उन्हाळ्यात पातळी थोडीशी उतरली की किनारा लांब आत चालत जातो. मागे राहतो ओला, सुपीक गाळ. शेतकरी त्यावर गाळपेर करतात. जिथे पेरणी नसते तिथे किडे, अळ्या, शिंपले, शेवाळ आणि कोवळं गवत माजतं. समुद्राला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते. उजनीची भरती-ओहोटी वर्षातून एकदा. पण उघडी पडणारी चिखलपट्टी आणि उथळ पाणी तेच. पक्ष्यांना एवढं पुरतं. म्हणून कुरव इथे येतात, नदी सुरय पाण्यावर सूर मारतात, आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, शेकड्यांनी उतरतात.

या उथळ पाण्यात सपाट तळाची होडीच चालते. पाण्यात ती वीतभरच बुडते, म्हणून गुडघाभर पाण्यातही पुढे सरकते. खोल पाण्यात वल्हं, उथळ भागात बांबू. होडीला इंजिन असेल तर पक्षी जवळ आले की नावाडी ते बंद करतो. हे नावाडी बहुतेक मासेमार घरांतले. चिलापी, कटला, मरळ कुठल्या पाण्यात सापडेल हे त्यांना ठाऊक, आणि आज कुठला पक्षी कुठल्या बेटावर बसलाय हेही. त्यांचं ऐकावं. रोहितांना उडायचं तर ते आधी पाण्यावर लांब धावतात. एका फोटोसाठी त्यांना उठवलं तर त्यांनी तासन्‌तास खाऊन जमवलेली शक्ती वाया जाते.

ते खातात कसे, हे पाहण्यासाठी तर होडी थांबवाच. रोहित मान खाली घालून डोकं उलटं करतो, त्यामुळे वरची चोच खाली येते. जाड जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होऊन पाणी आत ओढते आणि बाहेर ढकलते. चोचीच्या कडांवरच्या बारीक पट्ट्यांमध्ये अन्न अडकतं. पण एवढ्यावर हे संपत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी चिली फ्लेमिंगोंचं वेगवान कॅमेऱ्यानं चित्रीकरण केलं आणि त्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षी डोकं झटक्यात वर खेचतो तेव्हा पाण्यात छोटासा भोवरा तयार होतो, आणि तळचा गाळ व जीव त्यात वर ओढले जातात. पाय आपटूनही तो भोवरे उठवतो, आणि चोच सेकंदाला सुमारे बारा वेळा उघडमिट करतो. आपल्याला जो शांत उभा दिसतो, तो पक्षी पाण्याखाली वावटळी उठवत असतो!

त्याचा गुलाबी रंगही याच चिखलातून येतो. शेवाळ आणि ते खाणारे बारीक जीव यांच्यातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं पिसांत उतरतात. पिल्लं राखी असतात, रंग चढायला वर्षं लागतात. त्यामुळे थव्यात मुलांना राखाडी पक्षी दिसला तर तो दुसऱ्या जातीचा नसतो, वयानं लहान असतो. भारतात या पक्ष्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते.

काठच्या गवतात चरणारे पट्टकादंब याहून दूरचे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या पाठीवर यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात ते सात हजार मीटरहून उंच उडताना नोंदले गेले. त्या विरळ हवेतला प्राणवायू धरून ठेवणारं खास हिमोग्लोबिन त्यांच्या रक्तात असतं. एवढा पर्वत पार करून ते येतात ते आपल्या गाळातलं गवत खायला.

या किनाऱ्याची किंमत माणसांनी मोजली आहे. होडी पळसदेवकडे वळली की पाण्यातून पळसनाथाच्या मंदिराचं शिखर वर आलेलं दिसतं. जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं, गाव पुणे-सोलापूर रस्त्याकडे वसलं. पाणी फार आटतं त्या वर्षी मंदिर पायापर्यंत उघडं होतं आणि लोक आपल्या जुन्या देवाला भेटायला येतात. सोबत मुलं असतील तर त्यांना सांगा: आपण कुणाच्या तरी शेतावरून, अंगणावरून चाललो आहोत.

आणि वाऱ्याला हलकं समजू नका. एवढ्या रुंद, अडथळा नसलेल्या पाण्यावर वारा लांबपर्यंत धावतो आणि लाटा पाहता पाहता वाढतात. वळवाच्या दिवसांत ढगातून थंड हवा खाली आदळते आणि सगळ्या बाजूंना सुटते. त्या वाऱ्याला सूचना नसते. २१ मे २०२४ रोजी याच पाण्यावर कुगाव ते कळाशी जाणारी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यात लहान मुलंही होती. म्हणून डिसेंबर ते मार्चमधली सकाळ निवडा, प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवंच, माणसं मोजून बसवा, आणि नावाडी ‘नको’ म्हणाला तर परत फिरा.

शेवटी, हे पाणी येतं कुठून? मुळा-मुठा पुण्यातून वाहत भीमेला मिळतात, आणि पुणे-पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी त्यांच्याबरोबर इथे पोहोचतं. वर्षातले काही दिवस पाणी हिरवं दाट होतं, कारण त्या सांडपाण्यातली पोषकद्रव्यं शेवाळ फुगवतात. पुण्याहून पक्षी पाहायला आलेलं कुटुंब ज्या पाण्यावर तरंगतं, त्यातलं काही त्याच्याच मोरीतून निघालेलं असतं. इथून ते धरणाखाली नीरा-नरसिंहपूरला कळंबकडच्या नीरेला भेटतं, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जातं. उजनीचा किनारा आपण घडवला, म्हणून तो राखणंही आपल्याकडेच आहे. नदीत सोडण्याआधी सांडपाणी शुद्ध करा, हा आग्रह पुण्यात धरला तर त्याचा लाभ भिगवणच्या मासेमाराला होईल, आणि हिमालय ओलांडून येणाऱ्या हंसालाही.