स्टॉर्म घ्यावी की अवंती?

जुन्या शौकीन गाड्यांचा सौदा आता खानदेशातही होऊ लागला आहे. परदेशी गाड्यांच्या किमती आपल्या आवाक्यात नाहीत, म्हणून इथे दोन देशी स्पोर्ट्स कारचा विचार करू. पहिली गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म, दुसरी पुण्याजवळ तयार झालेली डीसी अवंती.

स्टॉर्म बाजारात आली १९९८ मध्ये. दोन माणसांची, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची गाडी. इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे, ताकद सुमारे ६० हॉर्सपॉवर. दिसायला झोकदार, पण पळायला साध्या गाडीसारखी. अवंतीचा पहिला नमुना २०१२ च्या दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात दिसला. ग्राहकांना गाडी मिळू लागली २०१५ च्या सुमारास, किंमत जवळपास ३६ लाख. इंजिन इथेही रेनॉचेच, पण दोन लिटरचे, टर्बो, २५० हॉर्सपॉवरचे आणि सीटच्या मागे बसवलेले.

दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले आहे. तेव्हा भाव ठरतो तो दुर्मिळपणावर, आणि खर्च ठरतो तो सुट्या भागांवर. स्टॉर्मचे इंजिन साधे असल्याने जळगाव-धुळ्याचा जाणता मिस्त्रीही ते खोलू शकेल. अडचण काच, दिवे आणि बॉडीची. फायबरला पोचा येत नाही, तडा जातो. तिथे डेंटिंगवाल्याचा हातोडा निरुपयोगी, रेझिन आणि मॅटचे काम येणारा कारागीर हवा. आपल्याकडचा वैशाखातला उन्हाळाही या बॉडीच्या रंगाला मानवत नाही. अवंतीत इंजिन मागे दाबून बसवलेले, त्यात टर्बोची उष्णता. ४५ अंशांत धुळ्याच्या चौफुलीवर अडकलात तर नजर काट्यावर ठेवावी लागेल.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण खरी जोखीम तिथेच आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी अवंतीचे निर्माते दिलीप छाब्रिया यांना अटक केली. एकाच इंजिन व चेसिस क्रमांकाच्या गाड्या वेगवेगळ्या राज्यांत नोंदवून त्यांवर कर्जे उचलली, असा पोलिसांचा आरोप होता. म्हणून अवंती घेताना चेसिस क्रमांक स्वतः डोळ्यांनी पाहा, आरटीओच्या नोंदीशी ताडून घ्या, आणि कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला हाती आल्याशिवाय बयाणाही देऊ नका.

स्टॉर्मची गोष्ट निराळी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. ते राहून गेले असेल तर थकलेला खर्च सौद्यात धरा. गोव्याची किंवा कर्नाटकची पाटी असेल तर तिकडच्या आरटीओचे ना-हरकत पत्र आणि महाराष्ट्राचा कर वेगळा. दलाल तिला ‘विंटेज’ म्हणून विकू पाहतात, त्याला भुलू नये. २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते. स्टॉर्मला त्यासाठी २०४८ उजाडेल.

आमचे मत विचाराल तर बेताच्या भांडवलाच्या माणसाने नूतनीकरण झालेली, काच-दिवे शाबूत असलेली स्टॉर्म पाहावी. अवंती त्याने घ्यावी, ज्याला पुण्या-मुंबईचे वर्कशॉप परवडते.