साध्या सोफ्याच्या पोटात काय आहे?

नव्या घराची बैठकीची खोली सजवताना हल्ली ‘स्कँडिनेव्हियन’ हा शब्द हमखास कानी पडतो. फिकट लाकडाची चौकट, सडपातळ पाय. कोरीवकाम नाही, झालर नाही. हा साधेपणा पाहून जैन मनाला अपरिग्रहाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र दिसणारा साधेपणा आणि निर्दोषता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या शैलीचा उगम श्रीमंतांच्या दिवाणखान्यात झालेला नाही. कोपनहेगनच्या कला अकादमीत १९२४ पासून फर्निचर-रचना शिकवणाऱ्या कोरे क्लिंट यांनी मानवी शरीराची आणि गृहोपयोगी वस्तूंची मापे घेऊनच रचना करण्याची शिस्त घालून दिली. त्यांचे विद्यार्थी बॉर्गे मोगेन्सन १९४२ मध्ये डेन्मार्कच्या ग्राहक सहकारी संघाच्या फर्निचर विभागाचे प्रमुख झाले. सामान्य कुटुंबाला परवडेल आणि लहान घरात मावेल असे टिकाऊ सामान तयार करणे हे तेथील उद्दिष्ट होते. पुढे घरात सदरे किती, काटे-चमचे किती, हे मोजून त्यांनी कपाटांची मापे ठरवली. परिग्रह-परिमाण व्रतात श्रावक ‘कुप्य’ म्हणजे घरसामानाची मर्यादा बांधतो, त्याची येथे आठवण होते. हेतू अर्थात निराळा: त्यांना जागा वाचवायची होती.

मोगेन्सन यांचा १९४५ चा सोफा आपल्या पेढीवरील गादी-लोडांच्या बैठकीला फारसा परका वाटू नये. उघड्या लाकडी दांड्यांची पाठ, सुटी गादी, सुट्या उशा; एक बाजू खाली सोडली की पहुडताही येते. पण ती बाजू धरून ठेवतात त्या चामड्याच्या वाद्या! १९६२ मध्ये त्यांनी स्वतःच्या घरासाठी रचलेला सोफा तर चामड्यानेच मढवलेला. या धर्तीच्या महागड्या सोफ्यांच्या उशांत पक्ष्यांची पिसेही भरलेली असतात.

श्रावकाला वर्ज्य असलेल्या १५ कर्मादानांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य आहेत. पहिल्याच्या कक्षेत हस्तिदंताबरोबर चामडे, केस व पिसेही येतात. दुसऱ्याकडे मात्र आपले सहज दुर्लक्ष होते. सुताराकडून सोफा करून घेतला, चामडे टाळले, म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. आपल्याकडे लाकडावर चढणारे पारंपरिक पॉलिश लाखेचे असते, आणि लाख ही कीटकांपासून मिळते. मधमाश्यांच्या मेणाचेही तेच.

पर्याय दुर्लभ नाहीत. सागवानी चौकटीवर जवसाचे तेल चोळावे. गादीत कापूस किंवा नारळाचा काथ्या भरावा, वर जाड सुती कापड घालावे. चामडी वादीचे काम सुती पट्टी उत्तम करते. तयार सोफा घ्यायचा असेल तर आवरण, भरण आणि पॉलिश या तिन्हींविषयी दुकानदाराला स्वतंत्रपणे विचारावे. ‘चामडे नाही ना?’ एवढ्या प्रश्नाचे उत्तर अपुरे असते.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी मला ही रचना विशेष आवडते. जमिनीला टेकलेल्या पेटीवजा सोफ्याखाली केर साचतो, ओल धरते, जीवोत्पत्ती होते, आणि सोफा ओढताना त्या जीवांची विराधनाही. उंच पायांच्या सोफ्याखाली वीतभर मोकळी जागा राहते. चातुर्मासात तेथे रोज नजर टाकता येते आणि मऊ केरसुणी जयणेने फिरवता येते.